आयुध, वेदी आणि भग्न देह : युरोपीय धार्मिक चित्रांचे रसग्रहण

प्रास्ताविक

युरोपातील जुन्या धार्मिक चित्रांविषयी मराठीत जे लेखन होते, त्याचा मोठा भाग तंत्राच्या स्तुतीने व्यापलेला असतो. शरीररचनेचे अचूक ज्ञान, यथार्थदर्शन, छायाप्रकाशाची योजना, वस्त्रांच्या चुण्या, तैलरंगांची झळाळी हे गुण एकापाठोपाठ एक नोंदविले जातात आणि चित्रकार महान ठरतो. हे गुण खोटे नाहीत. परंतु राफाएलने रंगविलेली मरिया आणि त्यानेच काढलेले एखाद्या पोपचे व्यक्तिचित्र यांची स्तुती जर त्याच शब्दांत होत असेल, तर पहिल्या चित्राचे रसग्रहण अजून व्हावयाचेच आहे, असे म्हणावे लागते. ते चित्र कोणत्या प्रसंगाचे आहे, कोठे लावण्यासाठी काढले गेले, त्याच्यासमोर गुडघे टेकणारा मनुष्य काय मागत होता, हे प्रश्न अशा लेखनात क्वचितच येतात.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नांकडे कोकणातील एका गावाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुजा लक्ष्मीगणेशाच्या पेशवेकालीन देवस्थानासाठी प्रसिद्ध आहे. या मंदिरात येणारा भाविक मूर्ती कशी पाहतो? संगमरवराचा पोत किंवा मूर्तिकाराचे कसब त्याच्या ध्यानात येत नाही असे नाही. पण ते मागाहून येते. आधी तो हात मोजतो. कोणत्या हातात चक्र आहे, कोणत्या हातात त्रिशूळ, कोठे गदा, कोठे महाळुंगाचे फळ, कोठे धान्याची लोंबी, हे तो निरखतो, शेजारच्या मुलाला दाखवितो, डाव्या मांडीवरील लक्ष्मीकडे त्याचे लक्ष वेधतो. मूर्तिशास्त्राचा एकही ग्रंथ न वाचता तो एक चिन्हव्यवस्था वाचत असतो. ही पाहण्याची सवय भाबडी समजून आपल्या कलासमीक्षेने ती मंदिराच्या पायरीवरच सोडून दिली. युरोपीय धार्मिक चित्रांकडे जाण्याची आपली सर्वांत जवळची वाट तीच आहे, असे मला वाटते. मात्र ती वाट शेवटपर्यंत नेत नाही. ती जेथे खंडित होते, ते ठिकाण अधिक महत्त्वाचे आहे.

चित्रे आपल्याकडे कशी आली

युरोपीय धार्मिक कला पश्चिम किनाऱ्यावर दोन वेळा आणि दोन अगदी निराळ्या रूपांत आली. पहिल्या वेळी ती गोव्यात वेदीसह आली. आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा जिंकले तो २५ नोव्हेंबर १५१० हा दिवस संत कॅथरिनचा सणदिवस होता. म्हणून जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल या महामंदिराची ती अधिष्ठात्री झाली. १५६२ साली सुरू झालेल्या या वास्तूच्या मुख्य वेदीमागील सोनेरी मुलाम्याच्या भव्य पडभिंतीवर तिच्या चरित्रातील प्रसंग कोरलेले आहेत. जवळच असलेल्या असीसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये वेदीच्या दोन्ही अंगांना त्या संताच्या जीवनातील प्रसंग लाकडी फळ्यांवर रंगविलेले दिसतात. १५९४ साली पायाभरणी झालेल्या बॉम जेझस बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरची समाधी आहे. तिची चांदीची पेटी गोव्याच्या रुपेकारांनी घडविली, आणि खालचे संगमरवरी अधिष्ठान फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने घडवून १६९८ साली येथे बसविले गेले. एकाच समाधीत गोव्याच्या सोनाराचा हात आणि तस्कनीच्या दरबारी शिल्पकाराचा हात वर-खाली आहेत, ही गोष्ट तेथे जाणाऱ्या पर्यटकाला सहसा कोणी सांगत नाही.

या आगमनाची दुसरी बाजू विसरून रसग्रहण करता येणार नाही. ज्या दशकांत ही चर्चे उभी राहत होती, त्याच दशकांत तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीतील देवळे पाडली जात होती. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० साली नदीपलीकडे प्रियोळला नेला गेला; केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. योगायोग असा की त्याच सुमारास, १५६६ च्या उन्हाळ्यात, अँटवर्प आणि नेदरलंड्समधील इतर शहरांत सुधारणावादी जमाव कॅथलिक चर्चमधील मूर्ती व चित्रे फोडत होते. प्रतिमेत काही सामर्थ्य आहे, असे मानणाराच तिच्यावर घण घालतो. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने आपल्या अखेरच्या बैठकीत प्रतिमांविषयी ठराव केला. प्रतिमेत स्वतःमध्ये देवत्व नसते, तिला दिलेला मान मूळ व्यक्तीकडे पोहोचतो, असे त्याचे तात्पर्य होते. प्रतिमा ठेवणाऱ्यांनी आणि प्रतिमा फोडणाऱ्यांनी एकाच दशकात उभा केलेला हा वाद गोव्याच्या भूमीवर मात्र वेगळ्याच, अधिक क्रूर रीतीने सोडविला गेला. या इतिहासामुळे जुन्या गोव्यातील चित्रे कमी सुंदर ठरत नाहीत. मात्र ती निरागसही राहत नाहीत, आणि मराठी वाचकाने ती पाहताना दोन्ही गोष्टी एकदम मनात धरण्याची तयारी ठेवली पाहिजे.

गोव्याहूनच ही चित्रे उत्तरेकडे गेली. १५८० साली रोडोल्फो आक्वाव्हिवा, अंतोनियो मोन्सेराते आणि फ्रान्सिस्को हेन्रिकेस हे जेझुइट अकबराच्या फत्तेपूर सिक्री येथील दरबारात पोहोचले. त्यांच्याबरोबर अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल आणि रोमच्या सांता मारिया माज्जोरे या चर्चमधील मरियेच्या पूज्य चित्राची प्रतिकृती होती. मोगल चित्रकारांनी हे सारे किती चटकन आत्मसात केले याचा पुरावा ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे : अबुल हसन या मुलाने वयाच्या तेराव्या वर्षी, १६०० च्या सुमारास, ड्यूररच्या उत्कीर्ण चित्रातील शोकाकुल संत योहान रेखाटला. ड्यूररच्या चित्रात योहान क्रुसाखाली उभा आहे. अबुल हसनने क्रूस वगळला आणि एकट्या योहानाचे जुळवलेले हात ठेवले. दुःख ठेवले, त्याचे कारण काढले. पुढे आपल्याकडे युरोपीय धार्मिक चित्रांच्या बाबतीत वारंवार जे घडले, त्याचे हे जणू पहिले उदाहरण होय.

दुसरे आगमन मुंबईत झाले, आणि या वेळी वेदी मागे राहिली. १८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये युरोपीय कला आली ती अभ्यासक्रम म्हणून : प्लॅस्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन, जिवंत मॉडेलवरून अभ्यास, छटांची क्रमवारी, तैलरंग हाताळण्याची शिस्त. प्रबोधनकाळातील वेदीचित्रे ज्या कौशल्यावर उभी होती ते कौशल्य शिकविले गेले. ते कशासाठी वापरले गेले होते हे शिकविण्याचे प्रयोजन नव्हते. या शिस्तीतून महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारखे समर्थ चित्रकार घडले. राजा रविवर्मा यांनी ती शिस्त शाळेबाहेर राहून मिळविली आणि १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वती मांसल देह व सावल्या घेऊन घरोघरच्या देव्हाऱ्यांत पोहोचल्या. युरोपीय तंत्राला आपल्याकडे पुन्हा वेदी मिळाली ती अशी, वेगळ्या देवतांसाठी. मूळचे गोव्याचे आणि जे. जे. मध्ये अध्यापन केलेले अंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रां’ म्हटले गेले. ही पदवी गौरवाची होती. परंतु रेम्ब्रां म्हणजे अंधारातून उजळणारा चेहरा, एवढेच त्या काळी आपण त्याच्याकडून घेतले होते, हेही ती सांगून जाते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली युरोपीय चित्रे आहेत. त्या दालनात उभे राहिले की ही दुसरी वाट स्पष्ट दिसते. चौकट, चित्रकाराचे नाव, काळ. शेजारी निसर्गचित्र, पलीकडे व्यक्तिचित्र. धार्मिक चित्र तेथे इतर चित्रांसारखेच एक चित्र असते.

आयुध आणि यातनासाधन

आता हेदवीच्या मूर्तीसमोरील पाहण्याची पद्धत या चित्रांना लावून पाहू. प्रथमदर्शनी ती उत्तम लागू पडते. ख्रिस्ती संतांनाही आपण ओळखतो ते त्यांच्या हातातील वस्तूंवरून. पेत्राच्या हाती किल्ल्या, पौलाच्या हाती तलवार, जेरोमजवळ सिंह, योहान शुभवर्तमानकाराजवळ गरुड. वाहन आणि लांछन यांची सवय असलेल्या डोळ्याला यात परके काही नाही. कॅथरिनजवळ चक्र असते. राफाएलच्या लंडनमधील चित्रात ती त्याच्यावर रेलून उभी आहे; काराव्हाज्जोच्या माद्रिदमधील चित्रात ती मोडक्या चाकाशेजारी गुडघे टेकून, हातात तलवार घेऊन थेट आपल्याकडे पाहते.

येथेच वाट वळते. गणेशाच्या हातातील चक्र हे त्याचे आयुध आहे. त्याने ते धारण केले आहे, त्याचा धाक विघ्नांना आहे. कॅथरिनचे चाक हे तिच्या वधासाठी तयार केलेले यंत्र आहे. कथेनुसार सम्राटाने पाठविलेल्या पंडितांना वादात हरविल्यावर तिला अणकुचीदार चाकावर चिरडण्याची आज्ञा झाली. तिच्या स्पर्शाने चाक मोडले, तेव्हा तिचा शिरच्छेद करण्यात आला. म्हणजे जे साधन तिच्याविरुद्ध वापरले गेले, तेच तिची ओळख झाले. लॉरेन्सच्या हाती त्याला भाजण्यासाठी वापरलेली लोखंडी जाळी असते, बार्थोलोम्यूच्या हाती त्याची कातडी सोलणारी सुरी, सेबास्टियनच्या देहात बाण. आपल्या देवतांची आयुधे शत्रूकडे वळलेली असतात, या संतांची त्यांच्याच देहाकडे. मूर्तिशास्त्राची सवय असलेला प्रेक्षक वस्तू बरोबर ओळखतो आणि तिचा अर्थ उलट लावतो. मराठीतील काही परिचयपर लेखांत कॅथरिनचे चाक ‘तिचे शस्त्र’ म्हणून उल्लेखिलेले आढळते, ते याच सवयीमुळे. चूक क्षुल्लक वाटते, पण तिच्यामुळे सगळे चित्रच फिरते.

लोंबीचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. दशभुजा गणेशाच्या हातातील धान्याची लोंबी ही समृद्धीची खूण आहे. भातशेतीच्या गावात ती कोणाला समजावून सांगावी लागत नाही. आता ह्यूगो व्हान डर गूस या फ्लेमिश चित्रकाराचे ‘पोर्तिनारी वेदीचित्र’ (सुमारे १४७५) घ्या. ते फ्लॉरेन्समधील एका रुग्णालयाच्या चर्चसाठी रंगविले होते. आज ते तेथीलच उफिझी संग्रहालयात आहे. येशूचा जन्म झाला आहे. मूल उघड्या जमिनीवर निजलेले आहे, खाली कापडही नाही. भोवती मरिया, देवदूत आणि रापलेल्या हातांचे, उघड्या तोंडाने पाहणारे मेंढपाळ. चित्राच्या अगदी पुढच्या कडेला, फुलांच्या भांड्यांमागे, गव्हाची एक पेंढी आडवी पडली आहे. ती कोणाच्या हातात नाही. कोणी अर्पण केलेली दिसत नाही. बेथलेहेम या नावाचा हिब्रू अर्थ ‘भाकरीचे घर’ असा होतो. आणि या चित्राखालच्या वेदीवर धर्मगुरू रोज भाकर मोडून ती ख्रिस्ताचे शरीर म्हणून वाटत असे. पेंढी आणि बालक यांची चित्रातील पातळी एकच आहे. दोघेही जमिनीवर ठेवलेले. हे मूल पुढे दळले आणि मोडले जाणार आहे, असे ती पेंढी सांगते. समृद्धीचे चिन्ह म्हणून ती वाचली, तर चित्र आनंददायक ग्रामीण देखावा ठरते. पाहणाऱ्याने वेदीवरची भाकर आठवली, की मेंढपाळांच्या चेहऱ्यांवरील आश्चर्यात भीती का मिसळली आहे ते कळते.

हेदवीच्या लोंबीतही अन्न आहे, पोर्तिनारी चित्राच्या पेंढीतही अन्न आहे. चिन्ह तेच. पण एका ठिकाणी देव अन्न देतो, दुसऱ्या ठिकाणी देवच अन्न होतो. तुलनेचा उपयोग येथवर आहे, आणि तो थोडा नाही.

चित्राचे घर

आपल्या प्रेक्षकाला मोठे साहाय्य होईल अशी दुसरी गोष्ट म्हणजे स्थानाचे भान. गाभाऱ्यातील मूर्ती सभामंडपातून, दोन खांबांमधून, समईच्या उजेडात पाहायची असते, हे आपल्याला सांगावे लागत नाही. नैवेद्याच्या वेळी पडदा ओढला जातो आणि दूर होतो, त्या दूर होण्यात काय आहे हेही आपण जाणतो. युरोपातील वेदीचित्रे याच जाणिवेने रचलेली होती.

तिशियनचे ‘मरियेचे स्वर्गारोहण’ (१५१६–१८) व्हेनिसच्या फ्रारी चर्चमधील मुख्य वेदीवर आहे. सुमारे सात मीटर उंचीचे हे चित्र मुख्य दारातून प्रवेश करताच समोरच्या गायकवृंदाच्या कमानीतून, बरोबर मध्यभागी दिसते. लाल वस्त्रातील मरिया त्या अंतरावरूनही वर जाताना भासते, कारण आकृत्या त्या अंतरासाठीच मोठ्या ठेवल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात हे चित्र चर्चमधून काढून त्याच शहरातील कलासंग्रहालयात टांगले होते. १९१९ साली ते आपल्या वेदीवर परतले. संग्रहालयात जवळून पाहताना ते भडक आणि अतिरेकी वाटणे स्वाभाविक होते. गाभाऱ्यातील मूर्ती उन्हात आणून ठेवली, तर तिचे डोळेही मोठेच वाटतील.

काराव्हाज्जोने रोममधील एका छोट्या उपवेदीगृहासाठी १५९९–१६०० मध्ये ‘मत्तयाला पाचारण’ रंगविले. जकात वसूल करणारा मत्तय पैशांच्या मेजापाशी बसला आहे. उजवीकडून आलेला ख्रिस्त हात उचलून त्याला बोलावतो, आणि त्याच बाजूने प्रकाशाचा तिरपा पट्टा भिंतीवर पडतो. चित्र डाव्या भिंतीवर आहे, म्हणून चित्राची उजवी बाजू म्हणजे वेदीची आणि तिच्यावरील खिडकीची बाजू. चित्रातला प्रकाश त्या खोलीच्याच प्रकाशासारखा येतो. पाठ्यपुस्तकात छापलेल्या ‘प्रखर छायाप्रकाशाच्या नमुन्या’त हे कळणे शक्य नाही, तेथे प्रकाश हे शैलीचे लक्षण होते. (आज त्या वेदीगृहात यंत्रात नाणे टाकले की काही मिनिटे दिवा लागतो. सोय चांगली, पण तो उजेड काराव्हाज्जोचा नव्हे.)

राफाएलची ‘सिस्टीन मरिया’ आपल्याकडे सर्वांत परिचित, कारण तिच्या पायथ्याशी कोपर टेकून बसलेले दोन बालदेवदूत जगभर शुभेच्छापत्रांवर छापले गेले आहेत. मूळ चित्र पिआचेन्झातील संत सिस्टो मठाच्या मुख्य वेदीसाठी होते. १७५४ साली ते विकले जाऊन ड्रेसडेनला गेले. चित्राच्या दोन्ही कडांना हिरवा पडदा बाजूस सारलेला रंगविला आहे. मरिया मुलाला घेऊन ढगांवरून पुढे येते. संत सिस्टो हात पुढे करून चर्चमधील लोकांकडे बोट दाखवितो, जणू यांच्यासाठी ये असे म्हणतो. पडदा उघडल्याचा तो क्षण हेदवीच्या किंवा वेळणेश्वरच्या भाविकाला कोणत्याही टीपेशिवाय कळेल. तरीही मराठी परिचयलेखांत भर असतो तो त्रिकोणी रचनेवर. त्रिकोण आहे, हे खरे.

जुन्या भित्तिचित्रांच्या बाबतीत आपल्या जवळची परंपरा देवळाबाहेर सापडते. पोप ग्रेगरी पहिला याने इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेच्या बिशपला लिहिताना, निरक्षरांनी ग्रंथात जे वाचता येत नाही ते भिंतींवर वाचावे, अशा अर्थाचे विवेचन केले होते. कुडाळजवळील पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेत एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारताची आख्याने गायिली जातात. चित्र, गाणे आणि श्रोता तेथे वेगळे काढता येत नाहीत. जोत्तोने १३०५ च्या सुमारास पादुआतील अरेना चॅपेलच्या भिंतींवर ओळीने मांडलेले प्रसंग याच रीतीने पाहावेत. त्यातील ख्रिस्तविलापाच्या चित्रात समोर दोन बायका आपल्याकडे पाठ करून जमिनीवर बसल्या आहेत. मृताभोवती बसलेल्या माणसांत आपण मागून जाऊन मिसळतो, तेव्हा पाठीच दिसतात. त्या पाठींनी जोत्तोने प्रेक्षकाला बसायला जागा करून दिली आहे.

आणि कथा? ती मराठी वाचकाला अपरिचित असण्याचे कारण नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलाचे आख्यान मराठीत, पुराणाच्या घाटात सांगितलेले आहे. आपल्याकडे त्याचा अभ्यास भाषेसाठी होतो. जुन्या गोव्यातील वेदींवर कोरलेले आणि रंगविलेले प्रसंग समजून घेण्यासाठी त्याच काळातील, त्याच प्रदेशातील हा मराठी ग्रंथ चित्रांशेजारी ठेवून वाचण्याचे काम कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखे आहे.

भग्न देह

सर्वांत मोठी अडचण अजून बाकी आहे. आपल्या परंपरेत खंडित मूर्ती पूजेस अयोग्य मानली जाते. हात तुटला की तिचे विसर्जन होते. ख्रिस्ती कलेच्या केंद्रस्थानी मात्र भग्न देह आहे. खिळे ठोकलेला, कुशीत भाला खुपसलेला. हिंदू प्रेक्षक क्रुसाच्या मोठ्या चित्रासमोर पहिल्यांदा उभा राहतो, तेव्हा त्याला अवघडल्यासारखे होते, आणि तो घाईने स्नायूंच्या रेखाटनाची प्रशंसा करू लागतो. तंत्राची स्तुती ही पुष्कळदा अशी नजर वळविण्याची सभ्य रीत असते.

आपल्याकडेही उग्र आणि भयावह मूर्ती आहेत, असा आक्षेप येईल. नृसिंह आतडी बाहेर काढतो, चामुंडेच्या बरगड्या मोजता येतात. पण तेथे देवता संहार करणारी आहे. वेदना दैत्याच्या वाट्याला येते. श्रीकृष्णाच्या पायाला व्याधाचा बाण लागून अवतारसमाप्ती झाली, ही कथा भागवतात आहे. त्या क्षणाची पूजामूर्ती मात्र कोणी गाभाऱ्यात बसविली नाही. शरपंजरी भीष्म चित्रांत येतात, देव्हाऱ्यात येत नाहीत. तेव्हा फरक वेदना दाखविण्या-न दाखविण्याचा नाही. वेदना कोणाची आणि ती पूज्य ठरते की नाही, याचा आहे.

मथियास ग्र्यूनेवाल्डचे ‘इझेनहाइम वेदीचित्र’ (सुमारे १५१२–१६) हे या बाबतीतील कठीणातले कठीण उदाहरण. आज ते फ्रान्समधील कोल्मार येथे आहे. ख्रिस्ताचा देह हिरवट पडला आहे, सर्वांगावर व्रण आहेत, काटे रुतलेले आहेत, हातांची बोटे आकाशाकडे ताठ पसरली आहेत, क्रुसाची आडवी फळी वजनाने वाकली आहे. रसशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर करुणाचा आलंबन-विभाव येथे बीभत्साने झाकला गेला आहे, आणि हा दोष ठरावा. दोष ठरविण्यापूर्वी चित्राचे घर पाहावे. ते अँटोनाइट पंथाच्या मठासाठी काढले होते. हा पंथ ‘संत अँथनीची आग’ या रोगाने ग्रासलेल्यांची शुश्रूषा करीत असे. राय या धान्यावर वाढणाऱ्या अर्गट नावाच्या बुरशीमुळे हा रोग होई. विषारी पिठाची भाकर खाऊन माणसांच्या अंगाची आग होई, हातपाय काळे पडत, झडत किंवा कापावे लागत. म्हणजे लोंबीच येथे विष झाली होती. असा रुग्ण या चित्रासमोर आणला जाई. त्याला समोर दिसे तो सुंदर, प्रमाणबद्ध देह नव्हता. त्याच्या स्वतःच्या कातडीसारखी कातडी असलेला देह होता.

वेदीचित्राची दारे सणाच्या दिवशी उघडत. क्रूस बाजूला जाई आणि आत देवदूतांचे वादन, मुलाला खेळविणारी मरिया आणि प्रकाशाच्या प्रचंड वलयात थडग्यातून उठणारा ख्रिस्त दिसे. त्या उठलेल्या देहाची त्वचा स्वच्छ आहे. जखमांच्या जागी फक्त खुणा. रुग्णाने वर्षभर पहिले चित्र पाहिलेले असल्यामुळेच त्याला दुसऱ्याचा अर्थ होता. कोल्मारच्या संग्रहालयात आता ही पटले सुटी मांडलेली आहेत, सर्व एका भेटीत पाहता येतात. अभ्यासकाला ते सोयीचे आहे. पण सणाची वाट पाहणे त्यात उरलेले नाही.

ख्रिस्तावर श्रद्धा नसलेल्या प्रेक्षकाला हे चित्र कळेल काय? माझे उत्तर होकारार्थी आहे, आणि ते साधारणीकरणाच्या सिद्धांताला धरून आहे. श्रद्धा माझी नसली तरी त्या रुग्णाची होती, आणि त्याच्या जागी काही काळ उभे राहणे मला शक्य आहे. अट एवढीच, की त्याची श्रद्धा चित्रातून वजा करून उरलेल्या रेषा-रंगांना मी शुद्ध कला म्हणू नये. अबुल हसनने क्रूस वगळला तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. समीक्षकाला ती सवलत घेता येणार नाही.

रेम्ब्रां आणि फोन्सेका

आतापर्यंतच्या विवेचनावर रेम्ब्रां सहज आक्षेप घेईल. कॅल्व्हिनपंथी हॉलंडमध्ये चर्चच्या भिंती पांढऱ्या केलेल्या होत्या. वेदीचित्राला तेथे जागाच नव्हती. तरीही त्याने बायबलातील प्रसंग आयुष्यभर रंगविले. त्यामुळे वेदी हे धार्मिक चित्राचे एकमेव घर ठरत नाही. ‘उधळ्या पुत्राचे परतणे’ (सुमारे १६६८) हे सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिताज संग्रहालयातील चित्र पाहावे. मुलगा बापाच्या पुढ्यात गुडघे टेकून बसला आहे; त्याचा चेहरा जवळजवळ दिसत नाही, दिसते ते झिजून पायातून निसटलेले पायताण आणि त्याचा उघडा तळवा. बापाचे दोन्ही हात मुलाच्या पाठीवर आहेत. हा प्रसंग लूकच्या शुभवर्तमानातील दाखल्याचा आहे; घरी बसून ग्रंथ वाचणाऱ्याने मनात पाहावा तसा तो रंगविला आहे. चमत्कार नाही, प्रभावलय नाही, कोणाच्या हातात लांछन नाही. हेदवीच्या पद्धतीला येथे मोजण्यासारखे काही सापडत नाही. फक्त ते पायताण आणि ते हात. प्रकाश हातांवर का आहे, हे दाखला माहीत असलेल्यालाच उमगते. याच रेम्ब्रांने मोगल लघुचित्रांवरून काही रेखाटने केली होती. गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला गेलेल्या प्रवाहाला हा उलट दिशेने मिळालेला छोटा प्रतिसाद होय.

शेवटी एका चित्रकाराचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण येथे चर्चिलेले प्रश्न त्याने प्रत्यक्ष जगून पाहिले. आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) हा गोव्याच्या सांत इस्तेव्ह बेटावरील कॅथलिक. काही काळ जे. जे. मध्ये शिकून तो ती शिस्त सोडून बंगालला गेला आणि अवनींद्रनाथ टागोरांच्या हाताखाली शिकला. परत आल्यावर त्याने मरियेला नेसविली ती साडी, आणि तिचा वर्ण ठेवला तो या भूमीचा. गोव्यातील स्वधर्मीयांना ते रुचले नाही. शतकानुशतके वेदीवर पाहिलेली गोरी मरिया हीच त्यांना खरी वाटत होती. टीका सोसून तो पुण्यात ख्रिस्तप्रेम सेवा आश्रमात राहिला आणि तेथे त्याने पुष्कळ काम केले. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह आता पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.

फोन्सेकाच्या टीकाकारांकडे केवळ हटवादी म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. त्यांच्या दृष्टीने गोरी मरिया हे युरोपीय चित्र नव्हते, त्यांच्या आजीने जिच्यापुढे मेणबत्ती लावली ती ती होती. सवयीने पूज्य झालेले रूप बदलले की भाविक दुखावतो, हे कोणत्याही देवस्थानच्या गावात समजेल. पण फोन्सेकाने जे केले ते वेशांतरापेक्षा अधिक होते. जे. जे. च्या शिस्तीतून त्याला मांसल मरिया काढता आली असती. रविवर्म्याच्या लक्ष्मीशेजारी ती सहज शोभली असती. ते सोडून त्याने जलरंगांतील मृदू, विरघळत जाणाऱ्या छटा स्वीकारल्या, त्यामुळे त्याची मरिया ध्यानस्थ आणि थोडी अंतरावरची दिसते. माझ्या मते या शैलीत मातृत्व आणि शांती पूर्ण उतरतात, इझेनहाइमची त्वचा मात्र तिच्यात उतरणे अवघड आहे. युरोपीय तैलरंग नाकारताना त्याने ते सामर्थ्यही बाजूला ठेवले. हा तोटा त्याने समजून पत्करला असावा, असे त्याची चित्रे पाहताना वाटते. कारण त्यांत कोठेही घाई नाही आणि कोठेही युरोपाशी स्पर्धा नाही. मरिया साडीचा पदर सावरून बसली आहे, मूल तिच्या मांडीवर आहे, आणि ते मूल आपल्याकडे पाहत नाही.